मस्टर ते सातबारा

आमच्या आईचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा चढलं ते बहात्तरच्या दुष्काळात. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. मी तेव्हा अकरा वर्षांचा. मस्टर भरणारा कारकून खाटेवर बसलेला आणि पुढं बायांची रांग. आईची पाळी आली तेव्हा त्यानं विचारलं, "नाव काय?" आई गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे ठाऊक होतं, पण स्वतःचंही घ्यायची सवय नव्हती. घरात तिला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. अखेर मीच पुढं होऊन सांगितलं. संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली, "मपलं नाव बी लिवलं त्यांनी, सगळ्या बायांसंगं."

आठवड्यानं पगार झाला. मातीच्या मापावर पैसे होते, पाटी उचलणारा बाप्या आहे का बाई यावर नव्हते. आईनं अंगठा केला, नोटा मोजून घेतल्या, पदराला गाठ मारली. त्या दुष्काळातल्या लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी सगळ्यांना आठवते, मला ती गाठ आठवते. काम संपता संपता तिनं त्या पैशांतून एक शेळी घेतली. कुणाला विचारलं नाही. माझी दहावी झाली ती त्या शेळीच्या वंशावर. फी भरायची वेळ आली की एक बोकड बाजारात जायचं.

१९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती असं नोंदलेलं आहे. आमच्या तलावावर तरी बाया बाप्यांपेक्षा जास्त होत्या. पुढं त्याचाच रोजगार हमीचा कायदा झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना लावून धरली होती. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून त्याचा पैसा उभा केला. दिल्लीनं असाच कायदा देशासाठी केला तो २००५ साली. रोजगार हमीवर टीका पुष्कळ झाली, काही खरीही होती. मस्टरवर मेलेल्या माणसांची नावं लागली, खडीचे ढीग दोनदा मोजले गेले. पण घरच्या शेतात जन्म घालवलेल्या बाईला आपल्या दिवसाची किंमत काय होते हे पहिल्यांदा कुणी मोजून दाखवलं असेल तर त्या कामांनी.

पाऊस पडला, दुष्काळ सरला, आई परत आमच्या वावरात आली आणि तिचं नाव गेलं.

आमचा भाग कांद्याचा. ज्यानं कांदा केला नाही त्याला सांगायला हवं की कांदा हे बाईच्या बोटांवर उभं राहणारं पीक आहे. उळं टाकायचं, रोपाचं तण काढायचं, रोप उपटायचं, चिखलात वाकून एकेक काडी लावायची, दोनदा खुरपायचं, काढायचं, पात कापायची, निवडायचं, भरायचं. यात नांगरट, पाणी आणि औषध फवारणं सोडलं तर बाप्याचं काम किती राहतं? गाडीवर बसून लासलगावला जाणं आणि लिलावाला उभं राहणं. हिशोबपट्टी व्हायची ती वडिलांच्या नावानं. लागवडीला बाहेरच्या बाया सांगितल्या की त्यांची मजुरी खर्चात धरली जायची. त्याच वाफ्यात त्यांच्या बरोबरीनं वाकलेल्या आईचा आणि अक्काचा रोज कुठंच लिहिला जात नव्हता. वडील वाईट माणूस नव्हते. तसा हिशोब करायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगणारा माणूस आमच्या भागात आला १९८० साली. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले होते, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करत होते. नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाचं आंदोलन पेटलं. नोव्हेंबर १९८० मध्ये खेरवाडीला रेल्वे अडवली, गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. आमच्या गावातून ट्रक भरून माणसं गेली होती, बायाही होत्या.

संघटनेची मागणी एका ओळीची : उत्पादन खर्चावर आधारित भाव द्या. पण खर्च मांडायला बसलं की घरच्या माणसांच्या राबण्याचं काय, हा प्रश्न येतोच. सरकारचे लोक भाव ठरवताना घरच्या मजुरीचा आकडा धरतात, पण बाई किती तास राबते हे विचारायला आमच्या बांधावर कुणी आलं नव्हतं. जोशींचं म्हणणं मी सभांतून ऐकलेलं माझ्या शब्दांत सांगतो. शेतकऱ्याचा माल स्वस्त विकला जातो तो कुणाच्या तरी जिवावर, आणि उतरंडीत सगळ्यात खाली बाई आहे. शेतकरी लुटला जातो म्हणून ओरडणाऱ्यानं आपल्या घरातली लूटही बघावी. बायांच्या प्रश्नाकडं तो माणूस जमाखर्चाच्या वहीतून गेला. त्यामुळं तो आमच्यासारख्यांच्या डोक्यात शिरला. नुसत्या दयेच्या गोष्टी सांगितल्या असत्या तर आम्ही टाळ्या वाजवून घरी गेलो असतो.

९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. चांदवड म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, रेणुकामातेचं गाव. तिथं होळकरांचा रंगमहाल आहे. अहिल्यादेवींनी एवढ्या मोठ्या राज्याचा महसूल सांभाळला, त्या गावात दोनशे वर्षांनी बाया गोळा झाल्या त्या स्वतःच्या नावाचा सातबारा नसलेल्या. लाखाच्या वर बाया आल्या असं सगळे सांगतात. मी मोजल्या नाहीत. मी पाण्याच्या टँकरवर होतो आणि दोन दिवस हंडे भरून देताना मान वर करायला सवड नव्हती. आई आणि आमची कारभारीण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आल्या होत्या. लग्नाला आमच्या दोन वर्षं झालेली. भाकरी घरून बांधून आणलेल्या, आणि गावात पोरं सांभाळायला बाप्ये. आमच्या वडिलांनी जन्मात पहिल्यांदा त्या दोन दिवसांत चुलीवर चहा केला आणि महिनाभर सगळ्यांना सांगत राहिले.

तिथं ठराव झाले. त्यातला मालमत्तेचा माझ्या कानावर राहिला, आणि पंचायत राजच्या निवडणुका बायांनी लढवायच्या हा दुसरा. ऐंशीचं दशक सरताना काही गावांत बायांची पूर्ण पॅनेल निवडून आली. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं नाव तेव्हा पुष्कळ गाजलं. राज्यानं १९९० मध्ये स्थानिक संस्थांत बायांना तीस टक्के जागा राखल्या, मग घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती आली. आता निम्म्या जागा आहेत. सरपंचबाईच्या खुर्चीत तिचा नवरा बसतो हे मीही पाहिलंय, पण आमच्याकडं एका सरपंचबाईनं दुसऱ्या वर्षी नवऱ्याला ग्रामसभेत खाली बसायला सांगितलं तेही पाहिलंय.

चांदवडनंतर लक्ष्मीमुक्ती आली. शेतकऱ्यानं राजीखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर घरं असं करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव, आणि जोशी स्वतः त्या गावाला येणार. सांगताना ते सीतेची गोष्ट सांगायचे. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरीला सीतेचं देऊळ आहे. तिथले लोक सांगतात, रामानं टाकल्यावर सीता तिथं राहिली, बाळंत झाली, गावात पसाभर गहू मागायला गेली तर कुणी दिला नाही. राजाची राणी, पण घराबाहेर काढल्यावर पसाभर गव्हाची धनीण नाही. बाप्यांच्या सभेत ही गोष्ट सांगितली की पार शांत व्हायचं. प्रत्येकाला आपापल्या घरातली कुणीतरी आठवत असावी.

गावात मी दहावी झालेला आणि अक्षर बरं, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं. १९९० च्या उन्हाळ्यात आमच्या पडवीत रोज संध्याकाळी माणसं बसायची. कुणी वाटणीपत्र केलं, कुणी बक्षीसपत्र. चेष्टा भरपूर. "उद्या ती मला घरातून काढील", "आता भाकर मागायला अर्ज लिहून दे रे." आमच्या मंडळींतल्या काहींनी सोसायटीचं दुसरं कर्ज मिळावं म्हणून नावं लावली हेही खरं. मला त्याचा राग आला नाही. कशानं का होईना, नाव लागलं. महसूल खात्याचा एक माणूस फेरफार मंजूर करायला महिनोनमहिने हेलपाटे घालायला लावायचा आणि म्हणायचा, "बायकांच्या नावावर करून कशाला घोळ घालता?" पुढं सप्टेंबर १९९२ मध्ये सरकारनंच परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्याला सहहिस्सेदार म्हणून लावावं. तेव्हा तो घोळ थोडा कमी झाला. राज्यात दोन लाखांहून जास्त बायांच्या नावावर जमीन झाली असं संघटनेचे लोक सांगतात.

आमच्याकडं मी विहिरीजवळचे दोन एकर कारभारणीच्या नावानं वाटून दिले. राहिले चार माझ्याकडं. गावात सभा झाली, ओवाळलं, मला नारळ दिला. माझ्या पाठीवर थाप पडली. भाषणात मी म्हणालो, की घरच्या लक्ष्मीचं कर्ज आज थोडं फेडलं. टाळ्या झाल्या. बायांच्या घोळक्यात माझी मोठी बहीण अक्का बसली होती, माहेरी आली होती म्हणून. तीही टाळ्या वाजवत होती.

त्या भाषणात जे सांगितलं नाही ते आता सांगतो. वडील १९८८ साली वारले. तोवर सातबारा त्यांच्या नावानं, पुढं 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वारस नोंदीत तीन नावं लागली : आई, अक्का, मी. १९५६ च्या कायद्यानं पोरगी बापाच्या हिश्शाची वारस होतीच, हे पुष्कळांना आजही ठाऊक नाही. वर्षाच्या आत मी अक्काला बोलावून घेतलं, तालुक्याला नेलं आणि हक्कसोड करून घेतलं. आईचा अंगठाही त्याच कागदावर. मोबदला काही नाही, साडी-चोळी. सगळेच असं करतात. अक्कानं वाचलंही नाही. सही करून म्हणाली, "भाऊ राहिला म्हंजे माहेर राहिलं." मी तिला बसमध्ये बसवून दिलं आणि उसाचा रस पाजला.

म्हणजे चांदवडला हंडे भरून तीन वर्षं होत नाहीत तोच दोन बायांची नावं मी खोडून घेतली होती. मग एका बाईचं लावलं आणि नारळ घेतला. गावातल्या बहुतेक लक्ष्मीमुक्तीवाल्यांचं हेच होतं. चळवळीचा भर बायकोवर होता, कारण बाई राबते ती सासरी, जमीनही तिथंच कसू शकते. त्यात तथ्य आहे. पण आम्हा बाप्यांना ते सोयीचंही होतं. बायकोच्या नावची जमीन घरातच राहते. बहिणीला दिली की बांध पडतो. राज्यानं १९९४ च्या जूनमध्ये पोरींना वडिलार्जितात पोराइतका हक्क देणारा कायदा केला, त्यातूनही आधी लग्न झालेल्या पोरी वगळल्या होत्या. दिल्लीचा कायदा २००५ चा. बाप तेव्हा हयात असो नसो, पोरीचा हक्क जन्मानंच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं ते २०२० साली. हक्कसोडीचे कागद मात्र तालुक्याच्या कचेरीत आजही रोज होतात. राखीपौर्णिमेच्या आगेमागे जरा जास्त, असं एक मुद्रांकवाला मला हसत म्हणाला होता.

कारभारणीच्या दोन एकरांचं काय झालं ते सांगायला पाहिजे, कारण नुसत्या नावानं काय होतं असं विचारणारे आहेत. पहिली दोन-तीन वर्षं काही झालं नाही. मीच पेरत होतो, मीच विकत होतो. मग सोसायटीची सभासद म्हणून तिला नोटीस आली, आणि सभेला ती स्वतः गेली. पुढच्या साली तिनं आपल्या नावावर पीककर्ज काढलं. त्यातलं काही आणि बचत गटातलं काही घालून तिनं कांद्याची चाळ बांधली. मी नको म्हणत होतो. आम्ही उन्हाळ कांदा काढला की लगेच विकायचो, कारण देणेकरी दारात. चाळीत कांदा चार-पाच महिने थांबतो. थोडा सडतो, घटतो, पण श्रावण-भादव्यात भाव चढला तर सगळं भरून निघतं. पहिल्याच साली निघालं. एका साली नाहीही निघालं. पण विकायचं कधी हे ठरवायची सवड त्या चाळीनं दिली, आणि आमच्या घरात ती सवड आधी कधी नव्हती. हिशोबपट्टी तिच्या नावानं झाली तेव्हा तिनं ती देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या करंड्याखाली ठेवली. मला वाटलं दोन दिवसांनी काढील. वर्षभर तिथंच होती.

१९९९ मध्ये अक्काचा नवरा वारला. तिकडं दिरांनी तिला माळावरचं मुरमाड एकरभर दाखवलं, त्यात कुसळाशिवाय काही येत नव्हतं. पोरगा लहान. रांगड्या कांद्याच्या लागवडीला आम्हाला बाया मिळत नव्हत्या, तर अक्काच म्हणाली, मी येते. आठ दिवस राहिली. विहिरीजवळच्या त्या दोन एकरांत इतर बायांच्या ओळीत वाकून तिनं रोप लावलं. शनिवारी संध्याकाळी कारभारणीनं सगळ्यांची मजुरी वाटली, अक्कालाही मोजून दिली. अक्कानं नोटा घेतल्या आणि पदराला गाठ मारली. अगदी आईसारखी. आई ओट्यावर बसलेली होती. ती उठून आत गेली.

रात्री कारभारणीनं मला उठवलं.

"इहिरीजवळचं रान कुणाचं हो?"

"तुझं. असं काय इचारतीस?"

"मंग मी कुणालाबी देऊ शकते?"

मी उठून बसलो. तिला काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं, आणि मी चिडलो. पोराच्या तोंडचं काढून नणंदेला देतेस का, म्हणालो. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मजुरी देताना मला लाज वाटली. तुमाला कशी नाही वाटली?"

हे तीन वर्षं चाललं. मी म्हणायचो पैसे देऊ, पोराच्या शिक्षणाचं बघू. थोडंफार बघितलंही. ती ऐकून घ्यायची आणि दिवाळी झाली की परत काढायची. २००३ मध्ये तिनं एक एकर अक्काच्या नावानं बक्षीसपत्र केलं. मुद्रांकाचे पैसे तिनंच चाळीच्या कांद्यातून भरले. माझ्या सहीची गरज नव्हती, कारण वाटणीचा कागद तेरा वर्षांपूर्वी मीच माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिला होता. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसानं तिच्याकडं पाहिलं आणि मग मान तिरकी करून तिच्या मागं पाहिलं, बाप्या कुठंय म्हणून. मी बाहेर चहाच्या टपरीवर होतो. आत गेलो नाही. आज वाटतं जायला हवं होतं, निदान साक्षीदार म्हणून तरी. साक्षीला गावातले दुसरे दोघं होते, आणि त्यातल्या एकानं हे महिनाभर पारावर चघळलं.

२०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीदारांत बाया चौदाच्या आसपास भरल्या. आमच्या शिवारात दुपारी कोणत्याही बांधावर उभं राहून वाकलेल्या पाठी मोजा, हा आकडा उलटा वाटेल. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, पीकविमा नाही, अनुदान नाही, आणि नवरा गेला की बँकेचा माणूस दारात आल्यावर हिशोब कुणाला विचारायचा तेही ठाऊक नाही. ती मेली तर शेतकरी मेला असंही कागदावर येत नाही, घरकाम करणारी बाई मेली असं येतं.

आई २००६ ला गेली. शेवटच्या वर्षात तिला कमी दिसायचं. एकदा अक्का तिच्या एकराचा सातबारा काढून घेऊन आली होती, आईला दाखवायला. आईनं कागद हातात धरून विचारलं, हिचं नाव कुठं आहे. अक्कानं तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. आईनं बराच वेळ बोट तिथंच ठेवलं. मग मला म्हणाली, "आन मपलं कुठं होतं रे?" मी म्हणालो, वडील गेल्यावर वर्षभर लागलं होतं, मग कमी केलं. तिनं मान हलवली. कागदाची घडी घालून अक्काला दिली आणि शेळीला पाला टाकलाय का ते विचारलं.

अक्का आता सत्तरीला आली. तिचा पोरगा एक एकरात दोन पिकं घेतो. आमची दोन्ही वावरं एकाच विहिरीवर आहेत. लाईट रात्रीची असली की पाण्यावरून त्याची आणि माझ्या पोराची वादावादी होते. कारभारीण आणि अक्का बांधावर बसून पाळी ठरवतात आणि मला पाठीमागून निरोप येतो, आज मोटर आठ वाजेपर्यंत तिकडं, मग इकडं. मी गुमान जाऊन वाल फिरवतो.